जी आधी ओ देईल ती

जेमेली जन्मली तेव्हा तिच्या नावावरून जे भांडण झालं, ते तिची चाळिशी जवळ आली तरी मिटलं नव्हतं. आम्हा केनियातल्या नांदी लोकांत मूल झालं की बायका त्याच्याभोवती बसतात, नाकाशी चिमूटभर तपकीर धरतात आणि घराण्यातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून पुकारतात. ज्या नावाला मूल शिंकेल ते माणूस त्याच्यात परत आलं असं समजायचं. जेमेलीच्या वेळी खाटेच्या एका बाजूला तिची आत्या बसली होती आणि दुसऱ्या बाजूला आजी, आणि दोघींपैकी एकीलाही दम धरवत नव्हता. आत्यानं "ताबुतानी!" अशी हाक दिली, तेवढ्यात आजीनं "तापरांदिच!" म्हटलं, आणि पोरगी शिंकली.

झालं. आत्या म्हणाली माझ्या हाकेला शिंकली, आजी म्हणाली माझ्या.

ताबुतानी म्हणजे जेमेलीच्या वडिलांची आजी. फार शांत बाई. गाई शेजाऱ्याच्या मक्यात शिरल्याचं कुणी ओरडत आलं तरी ती आधी हातातला चहा संपवायची. तापरांदिच ही वडिलांचीच एक लांबची आत्या. तिचा जीव कायम टांगणीला लागलेला. गोठ्याचं फाटक लावायची, अर्ध्या वाटेवरून परत यायची, हात लावून बघायची, गाई पुन्हा मोजायची आणि मग रात्रभर कूस बदलत पडायची. आता जेमेलीच्या आत्याला, रोडाला, आपल्या भावाच्या घरात ही दुसरी कटकट परत यायला नको होती. म्हणून तिनं मरेपर्यंत पोरीला ताबुतानीच म्हणायचं ठरवलं. आजी आणि आई तिला तापरांदिच म्हणत. पोर बिचारी जी हाक आधी कानावर पडेल तिला ओ द्यायची.

स्वभाव पाहिला तर निकाल केव्हाच लागला होता. जेमेली घराला कुलूप लावून बोडावर बसायची, म्हणजे आमच्याकडच्या भाड्याच्या मोटरसायकलवर, आणि वळणापर्यंत गेल्यावर बोडावाल्याला गाडी फिरवायला लावायची. गावातले बोडावाले तिला दोन फेऱ्यांचं गिऱ्हाईक म्हणत. तिचा नवरा शाळेत मास्तर. तो पाहुण्यांपुढे सांगायचा, "मी बायको आणायला गेलो आणि चौकीदार घेऊन आलो." सगळे हसायचे. जेमेलीही हसायची आणि हसता हसता उठून चुलीवरचं झाकण बघून यायची. पण हे सगळं रोडा आत्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती.

एल्डोरेटला कॉम्प्युटर शिकून जेमेली परत आली आणि कापसाबेतच्या बाहेर, चहाच्या मळ्यांना लागून असलेल्या मिशनच्या दवाखान्यात लागली. दवाखान्याचा सगळा कारभार एका मोठ्या प्रोग्रॅमवर चालायचा. पेशंटची नोंद, औषधं, तपासण्या, सगळं त्यातच. प्रोग्रॅम जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला होता आणि तो सांभाळणं हे जेमेलीचं काम. शिवाय प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणं आणि मेट्रनच्या फोनमध्ये चर्चची गाणी भरून देणं हेही तिचंच काम, पण ते कुणी कामात धरत नसे.

त्या वर्षी प्रयोगशाळेत रक्त तपासायचं नवं मशीन आलं. मशीन विकणाऱ्या नैरोबीच्या कंपनीनं सोबत एक छोटा प्रोग्रॅम दिला. तो मोठ्या प्रोग्रॅममध्ये बसवला की तपासणीचा निकाल थेट वॉर्डातल्या पडद्यावर दिसायचा. आधी निकालाचा कागद घेऊन कुणीतरी व्हरांड्यातून चालत जायचं आणि वाटेत दहा जणांशी बोलत बसायचं. सगळे खूश झाले. सगळ्यात खूश झाला प्रयोगशाळेचा मकोखा. हा लुह्या जमातीचा माणूस, अंगानं भरदार, बोलायला मोकळा, आणि व्हरांडा त्याच्या गुडघ्यांना सोसत नसे.

काही आठवड्यांनी एक विचित्र तक्रार आली. कधी रक्त कमी पडायचं, कधी नमुना खराब निघायचा. मग मकोखा तीच तपासणी पुन्हा करायचा आणि 'सुधारलेला निकाल' अशी खूण घालून पाठवायचा. वॉर्डात जुना आकडा जाऊन नवा दिसायला हवा. कधी दिसायचा, कधी दिसायचाच नाही. पहिलाच आकडा ठाण मांडून बसायचा.

"त्यात काय एवढं?" मकोखा म्हणाला. "मी सर्व्हर बंद करतो, देवाचं नाव घेतो, परत चालू करतो. की चालतंय."

"नेहमी चालतं?"

"नाही चाललं तर परत बंद करतो. देवाला दुसऱ्यांदा हाक मारायला कसली लाज?"

"आणि दर वेळी ते बिघडलंय हे तुला कसं कळतं?"

यावर मकोखानं चहाचा घोट घेतला. "वॉर्डातून कुणी शिव्या घातल्या की कळतं."

जेमेलीला ते पटेना. शिव्या घालायला आधी कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. चुकीचा आकडा काही लाल होऊन दिसत नाही. तो बरोबर आकड्यासारखाच गुमान बसलेला असतो.

ती शोधाला लागली. जावाच्या धंद्यात सगळं कुणी स्वतः लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या लायब्रऱ्या आणायच्या आणि त्यांची गाठोडी आपल्या प्रोग्रॅमसोबत द्यायची, असा रिवाज. अशा गाठोड्याला जार म्हणतात. मशीनचे निरोप वाचणारी एक लायब्ररी मोठ्या प्रोग्रॅमनं पहिल्यापासून सोबत आणलेली होती, बरीच जुनी. नैरोबीवाल्यांनी आपल्या छोट्या प्रोग्रॅमसोबत तीच लायब्ररी आणली होती, पण नवी. दोघींचं नाव एकच, आतल्या प्रत्येक वस्तूचं नावही एकच. फरक एवढाच की 'सुधारलेला' ही खूण नवीला कळत होती आणि जुनीला कळत नव्हती. जुनी ती खूण दिसली की निरोप बाजूला टाकायची आणि गप्प बसायची.

आणि प्रोग्रॅम त्यांना शोधायचा कसा? त्याला क्लासपाथ नावाची एक वाट घालून दिलेली असते. या वाटेनं जायचं, नाव पुकारायचं, जी आधी ओ देईल तिला कामाला लावायचं. दुसरी कुणी त्याच नावाची आहे का हे तो विचारतही नाही. बरं, दर वेळी चालू होताना हा प्रोग्रॅम सगळी गाठोडी नव्यानं सोडून एका फोल्डरात टाकायचा, आणि त्यातलं कुठलं वाटेवर आधी लागेल याचा काही नेम नव्हता. मकोखाचा देव म्हणजे एवढंच. बंद केलं, चालू केलं, कधी नवी आधी ओ द्यायची, कधी जुनी.

हे कळलं तेव्हा जेमेली खुर्चीतून उठून खिडकीशी गेली आणि परत येऊन बसली आणि परत उठली. तपकीर, खाटेच्या दोन बाजू आणि दोन बायका तिच्या डोळ्यापुढे आल्या. तिला हसू आलं आणि मग अजिबात हसू येईना.

तिनं नैरोबीला फोन लावला. तिकडचा तरुण गोड बोलला. "मॅडम, आमच्याकडे तर एकदम व्यवस्थित चालतंय."

"तुमच्याकडे दुसरी कुणी त्याच नावाची नाहीच आहे, मग चालणारच ना!"

"मग तुमची जुनी काढून टाका, मॅडम."

जुनी काढली तर मोठा प्रोग्रॅम उभाच राहत नव्हता. तिच्याशिवाय त्याचं अर्धं काम अडत होतं. नवी काढली तर मशीनचा प्रोग्रॅम आडवा. एकच उपाय उरला. मशीनवाल्यांच्या गाठोड्यातल्या नव्या लायब्ररीचं नावच बदलायचं, आणि त्या गाठोड्यात जे जे तिला हाक मारतात त्या सगळ्यांना नवं नाव शिकवायचं. मग दोघी एका घरात राहिल्या तरी एकीच्या हाकेला दुसरी ओ देणार नाही. हे करता येतं, पण त्यासाठी सर्व्हर थांबवावा लागतो.

शुक्रवारी ती कारभारी बोइत साहेबांकडे गेली. बोइत साहेब भले गृहस्थ, फक्त बदल या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता.

"आत्ता चालतंय की नाही?"

"आत्ता चालतंय. पण नशिबानं चालतंय, साहेब."

"नशिबानं का होईना, चालतंय ना? सोमवारी बिशपांची माणसं मशीन बघायला येणार आहेत. मंगळवारी काय हवं ते कर. तोवर हात लावू नको."

"आणि मधे लाइट गेली तर? सर्व्हर आपोआप परत चालू होतो. तेव्हा कोण ओ देईल कुणास ठाऊक."

"जेमेली, तू घरी जा. झोप काढ. तुझा चेहरा बघून मलाच ताप येतोय."

ती घरी गेली, पण झोप कसली येते. त्याच दवाखान्यातल्या नवजात बाळांच्या कक्षात तिच्या भावाची, किमारूची, मुलगी निळ्या दिव्याखाली ठेवलेली होती. जन्मतःच कावीळ. बारसं झालेलं नव्हतं, बाळ घरी येईपर्यंत नाव पुकारायचं नाही असं रोडा आत्यानं बजावलं होतं. शनिवारी तपासणी चांगली आली तर सोडणार होते.

शनिवारी सकाळी जेमेली चहा गाळत होती आणि लाइट गेली. पाचएक मिनिटांनी आली. नवरा पेपर तपासत होता. त्यानं मान वर केली तेव्हा दार उघडं होतं आणि गाळणी टेबलावर ठिबकत होती.

दवाखान्यात पोचल्यावर ती वॉर्डात गेली नाही, सरळ सर्व्हरच्या खोलीत गेली. प्रोग्रॅमला एकच गोष्ट विचारायची सोय तिनं करून ठेवली होती. निरोप वाचणारी जी कामावर आहे, ती कुठल्या गाठोड्यातून आली? उत्तर आलं. जुनी.

तिनं तिथूनच मकोखाला फोन केला. "लाइट आल्यापासून सुधारलेले निकाल कुठले पाठवलेस? पटकन सांग."

"का गं? काय झालं?"

"वॉर्डात गेले नाहीत ते. सांग आधी!"

मकोखाची बडबड एकदम बंद झाली. "पुरुषांच्या वॉर्डातले ते मळ्यावरचे म्हातारे. त्यांची साखर." मग तो घुटमळला. "आणि तुझ्या भावाची पोरगी. तिचं रक्त कमी पडलं होतं, आकडा फारच खाली आला, मला पटेना. परत घेतलं. कावीळ वाढलीय, जेमेली. चांगलीच वाढलीय. मला वाटलं डॉक्टरला दिसलं असेल."

"म्हाताऱ्यांकडे तू जा. स्वतः जा, आत्ता."

मकोखा गुडघ्यांचं नाव न काढता व्हरांड्यातून धावला. जेमेली नवजात कक्षात शिरली तर निळ्या दिव्याखालची पेटी रिकामी होती आणि बाई चादर बदलत होती. "गेले की तुमचे लोक. डॉक्टर न्याबोकेंनी आत्ताच सोडलं. आकडा छान आला ना!"

किमारूची गाडी फाटकाशी पोचली होती. राखणदारानं दांडा वर केला होता. जेमेली मधल्या हिरवळीतून, जिथे पाय ठेवला तर मेट्रन जीव घेते तिथून, धावत गेली आणि गाडीच्या पुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली. किमारूनं करकचून ब्रेक दाबला. मागच्या सीटवर रोडा आत्याच्या मांडीवर मुर्सिकचा भोपळा होता. बाळंतिणीसाठी घरून आणलेलं ते दही आत्याच्या नव्या लुगड्यावर सांडलं.

"ताबुतानी!" आत्या काच खाली करून कडाडली. "मेलीस की काय? भावाच्या गाडीखाली जीव देतेस?"

"आत्या, बाळाला परत आत न्यायचंय."

"कुणी सांगितलं? डॉक्टरनं सही केलीय!"

"पडद्यावरचा आकडा बघून केलीय. तो आकडा खोटा आहे."

"म्हणजे डॉक्टर खोटी, मशीन खोटं, आणि तू एकटी खरी! कापसाबेतहून पाहुणे निघालेत. घरी बायका तपकीर घेऊन बसल्यात. तुला सकाळपासून हात लावून बघायला कुलूप मिळालं नाही वाटतं?"

किमारू बहिणीकडे बघत होता. जेमेलीला रडू येत होतं, पण ती गाडीपुढून हलली नाही. "आत्या, मी चुकले असेन तर मला जन्मभर बोल. आत्ता गाडी फिरवा."

तेव्हा बाळाची आई डॅमारिस पहिल्यांदा बोलली. तिनं दुपट्याचा काठ बाजूला केला आणि उन्हात बाळाचा चेहरा धरला. "मला ती सकाळपासून पिवळीच दिसतेय, वन्स. पण सगळे म्हणाले आकडा चांगला आलाय. मग मी गप्प बसले."

ती दार उघडून उतरली आणि बाळ छातीशी धरून दवाखान्याकडे चालू लागली.

डॉक्टर न्याबोकेंनी मकोखानं हातानं लिहिलेला आकडा पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी बाळाला स्वतः दिव्याखाली ठेवलं. दुसरा दिवाही लावला. नंतर जेमेलीला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "घरी गेली असती तर सोमवारपर्यंत कावीळ डोक्यात उतरली असती. मग आम्हाला काही करता आलं नसतं."

जेमेलीनं मान हलवली आणि तशीच सर्व्हरच्या खोलीत गेली. बोइत साहेब घाईघाईनं आले तेव्हा तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"मी हा बंद करतेय, साहेब."

"सोमवारी बिशपांची माणसं..."

"त्यांना सांगा दवाखान्यात निकाल चालत येतात. मकोखा येतो घेऊन."

मकोखा दारात घाम पुसत उभा होता. "येतो," तो म्हणाला. "देवाला आज सुट्टी."

बोइत साहेबांनी दोघांकडे पाहिलं, टोपी काढली, परत घातली. "कर," म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिले.

तिनं नाव बदललं. नव्या लायब्ररीला नवं घराणं दिलं, आतल्या हाका मारणाऱ्या सगळ्यांना ते शिकवलं, गाठोडं परत बांधलं. चालू केलं, विचारलं, उत्तर बरोबर आलं. बोइत साहेब उठू लागले. "बसा," ती म्हणाली. बंद केलं, परत चालू केलं. या वेळी मशीनचे निरोप जुनीच वाचायला लागली. साहेबांनी डोळे मिटून घेतले. जेमेलीनं गाठोडं सोडून आतलं सगळं धुंडाळलं. एका कोपऱ्यात साध्या मजकुराची छोटीशी फाइल होती. निरोप वाचायला कुणाला बोलवायचं ते नाव तिच्यात अक्षरांत लिहून ठेवलेलं होतं आणि तिथं जुनंच नाव राहिलं होतं; ही फाइल वाटेवर आधी लागली की प्रोग्रॅम तेच पुकारायचा. नाव बदलणाऱ्या हत्याराला कोडमधल्या हाका कळतात, अशी लिहून ठेवलेली हाक कळत नाही. तिनं ती ओळ बदलली. मग ती बंद करत राहिली आणि चालू करत राहिली आणि प्रत्येक वेळी दोघींना विचारत राहिली की तू कुठून आलीस. दोघी दर वेळी आपापलं घर सांगत होत्या. बोइत साहेब कंटाळून चहा प्यायला गेले, येऊन बघतात तर ती अजून विचारतेच आहे.

सोमवारी बिशपांची माणसं आली, पडदा बघून गेली. जेमेलीनं त्यांना पाहिलंच नाही. ती काचेपलीकडे दोन निळ्या दिव्यांखालची इवलीशी मूठ उघडते का मिटते ते बघत होती. आठवडाभर आकडे हळूहळू उतरत गेले, आणि प्रत्येक सुधारलेला आकडा मकोखाकडे जाऊन ती स्वतः पडताळत होती. सगळे बरोबर येत होते. तरी ती जात होती.

बाळ घरी आलं त्या दुपारी बायका पुन्हा जमल्या. रोडा आत्या तपकीर घेऊन खाटेशी बसली. गाडीच्या प्रसंगानंतर ती जेमेलीशी एक शब्दही बोललेली नव्हती. जेमेली दाराजवळ, कडीपाशी बसली होती.

"एका वेळी एकीनंच पुकारायचं," आत्यानं बजावलं. "मागच्यासारखा गोंधळ नको."

एकीनं एक नाव घेतलं. बाळ गप्प. दुसरं घेतलं. बाळानं जांभई दिली. मग शेजारची म्हातारी म्हणाली, "आता तापरांदिचला हाक मारू का?"

"तिला नको," आत्या म्हणाली.

"का बरं?"

आत्यानं तपकिरीची बोटं लुगड्याला पुसली. "ती इथंच बसलीय. दाराजवळ." तिनं दाराकडे मान वळवली. "त्या दिवशी फाटकात गाडी अडवली ती कोण होती? ताबुतानी असती तर तिनं आम्हाला जाऊ दिलं असतं."

एवढ्या वर्षांत आत्याच्या तोंडून हे येईल असं जेमेलीला कधी वाटलं नव्हतं.

"ताबुतानी," आत्या बाळाच्या कानाशी वाकून म्हणाली, आणि बाळ इतक्या जोरात शिंकलं की त्याचंच त्याला दचकायला झालं. बायकांनी एकच हाकाटी केली. डॅमारिस हसता हसता रडायला लागली.

त्याच वेळी छतावरचा दिवा फडफडला आणि गेला. जेमेलीचा हात फोनकडे गेला. तिनं तो मागे घेतला, मांडीवर ठेवला, कपातल्या चहाकडे पाहिलं. सगळं नीट केलेलं होतं. कितीदा तरी तपासलेलं होतं. फोन वाजत नव्हता.

"बघतेस काय, तापरांदिच?" आत्या म्हणाली.

"ओ," जेमेली म्हणाली.

"ऊठ. जा, बघून ये. चहा मी झाकून ठेवते."